गावातल्या पोरापोरींच्या तब्येतीचं काम घरापासून कसं सुरू करायचं

तुम्ही आशाताई असाल, उपकेंद्रावर नवीन आलेले सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) असाल, शाळेतले सर-मॅडम असाल, नाहीतर शिकून गावाकडं परत आलेली आणि काहीतरी करावं असं वाटणारी मुलगी असाल, हे तुमच्यासाठी लिहितेय. आम्ही साताऱ्याच्या माण भागात दोन-तीन वस्त्यांवर हे काम करतो. तेरा ते अठरा वयाच्या पोरापोरींचं खाणं, खेळणं, झोप, फोन, व्यसन हे सगळं त्यात येतं, पण पोरांना एकटं धरायचं नाही, अख्खं घर धरायचं.

घरच का, तर नववीतल्या पोरीनं काय खायचं हे ती ठरवतच नाही ना. तेलाचा डबा वडील आणतात, कालवण आई करते, कुणाच्या ताटात किती पडायचं ते आजी बघते, आणि सगळे उठले की पातेल्यात जे तळाला राहिलंय ते आई आणि ती पोरगी वाटून घेतात. तिला शाळेत चार्ट दाखवून समतोल आहार शिकवला तर ती वहीत उतरवून घेते, पेपरात पूर्ण मार्क घेते आणि घरी येऊन चहाबरोबर बटर बुडवून खाते. तिचा काय दोष.

आणि वयाचं म्हणाल तर शाळेतला पोषण आहार आठवीपर्यंतच असतो, नववीला गेलं की तो बंद, आणि नेमकं तेव्हाच शरीर सगळ्यात जास्त मागत असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींमध्ये ५९.१ टक्के जणींना ॲनिमिया, म्हणजे अंगात रक्त कमी, निघाला आणि त्याच वयाच्या मुलांमध्ये ३१.१ टक्के. म्हणजे पोरांचं पण काही फार बरं नाहीये, फक्त त्यांचं कुणी बघत नाही.

कधी सुरू करायचं

दिवाळीची सुट्टी संपल्यावर. हे मी अनुभवानं सांगते, कारण आम्ही पहिल्यांदा जूनमध्ये सुरू केलं आणि पेरणीच्या दिवसात एक बाई घरात सापडली नाही. मार्च-एप्रिल पण नको, ज्वारीची काढणी, दहावीचे पेपर, नंतर लग्नसराई आणि जत्रा. दिवाळीनंतर ते संक्रांत असे आठ-दहा आठवडे मिळतात, थंडी असते, भाज्या स्वस्त असतात, पाणी त्यातल्या त्यात असतं. ऊसतोडीला जाणारी घरं मात्र या दिवसात गावात नसतात, तुमच्याकडं अशी घरं जास्त असतील तर त्यांच्यासाठी ते परतल्यावर वेगळी बॅच करा, उगाच त्यांची नावं यादीत लिहून गैरहजर दाखवू नका.

घरं दहा-बारा घ्या, जास्त नको. एकाच आळीतली किंवा एकाच वस्तीवरची घ्या म्हणजे बायका एकमेकींना बोलावतात. अख्ख्या गावाचं एकदम करायला गेलं की फोटो चांगले येतात, बाकी काही होत नाही.

आधी कुणाला भेटायचं

तुम्ही शून्यापासून सुरू करत नाही आहात हे आधी लक्षात घ्या. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम २०१४ पासून आहे, त्यात आहारापासून मानसिक आरोग्य, व्यसन, हिंसा सगळं येतं, काही गावात पोरांमधूनच पीअर एज्युकेटर, म्हणजे आपल्याच वयाच्या पोरांना माहिती देणारे, पण निवडलेले असतात. तालुक्याच्या नाहीतर ग्रामीण रुग्णालयात मैत्री क्लिनिक असतं, खास या वयासाठी. गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते, तिच्याकडं थोडा अबंधित निधी, म्हणजे गरजेप्रमाणे वापरता येणारा पैसा, येतो आणि वजनकाटा, टेप असल्या किरकोळ गोष्टी त्यातून होऊ शकतात. सरपंच, आशा, अंगणवाडीताई, मुख्याध्यापक यांना आधी जाऊन भेटा, नंतर नको, नंतर गेलात तर "आम्हाला कुणी विचारलं नाही" हे वर्षभर ऐकावं लागतं.

पालकांची सही घ्या. घरभेटीला कधीही एकट्यानं जायचं नाही, दोघं जायचं आणि त्यातली एक तरी बाई. पोरीशी काही खाजगी बोलायचं असेल तर अंगणात, सगळ्यांना दिसेल पण ऐकू जाणार नाही असं बसून. यात सूट नाही.

पहिली घरभेट: मीठ, तेल, साखर

पहिल्या भेटीत काहीही शिकवायचं नाही. चहा दिला तर घ्यायचा. आणि तीनच प्रश्न विचारायचे: मिठाची पुडी किती दिवस जाते, तेल महिन्याला किती लागतं, साखर किती लागते.

हिशोब सोपा आहे. मोठ्या माणसानं दिवसाला मीठ पाच ग्रॅमच्या आत खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे पाच माणसांच्या घरात एक किलोची पुडी चाळीस दिवस तरी जायला पाहिजे. तेल माणशी दिवसाला २५ ग्रॅम धरलं तर पाच जणांना महिन्याला पावणेचार किलो, म्हणजे पंधरा किलोचा डबा चार महिने. वरून घातलेली साखर पण माणशी २५ ग्रॅमपर्यंतच ठीक, तिचाही आकडा तोच येतो, पावणेचार किलो. हे बायकांना लगेच कळतं, कॅलरी वगैरे सांगण्यापेक्षा शंभर पटीनं लवकर कळतं, कारण घरखर्च त्याच चालवतात.

एका घरी मी काकूंना विचारलं मीठ किती दिवस पुरतं, तर त्या म्हणाल्या, "कोण मोजत बसलंय गं बाई." मग आम्ही नवीन पुडी फोडली त्या दिवशी तिच्यावर मार्करनं तारीख टाकली. पुढच्या भेटीला गेलो तर बावीस दिवसात पुडी संपलेली. आम्ही लगेच रक्तदाब, पापड, लोणचं असं लेक्चर सुरू केलं, पोरगं तोंड दाबून हसतंय, शेवटी त्यानंच सांगितलं की ताई, निम्मं मीठ म्हशीच्या आंबोणात जातं. तर हा प्रश्न विचारताना गोठ्याचं मीठ वेगळं आहे का ते आधी विचारा 😄 त्या घरात आता दोन डबे आहेत.

तारीख टाकायचं काम पोरांना द्या. मार्कर त्यांच्याकडंच ठेवायला सांगा. या वयात कुणी काही शिकवलेलं आवडत नाही पण घरच्यांवर नजर ठेवायचं काम दिलं की फार मन लावून करतात.

मोजमाप, आणि माझी चूक

उंची आणि वजन सुरुवातीला एकदा आणि शेवटी एकदा, बास. दर आठवड्याला काट्यावर उभं करू नका. आणि आकडा मोठ्यानं वाचू नका, ही चूक मी केलीय. पहिल्या वर्षी मी आकडा वाचत होते आणि एकजण लिहून घेत होता, एका पोरीचा आकडा ऐकून मागून कुणीतरी हसलं, ती पुढच्या आठवड्यापासून आली नाही आणि तिच्या आईनं पण यायचं सोडलं. मी दोनदा घरी जाऊन आले, उपयोग झाला नाही. आता पडद्यामागं काटा ठेवतो, आकडा चिठ्ठीवर, चिठ्ठी त्या पोराच्या किंवा पोरीच्या हातात.

मोठ्यांचा बीएमआयचा, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा, तक्ता या वयाला लावायचा नाही, वयाप्रमाणे आणि मुलगा-मुलगी वेगळे ग्रोथ चार्ट असतात, ते वापरा, नाहीतर सीएचओंना दाखवा. आणि बारीक दिसतंय म्हणजे सगळं ठीक असं पण नाही बरं का. डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या टीमनं १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत आया आणि बाळांचा अभ्यास चालवलाय, त्यात दिसलं की आपल्याकडची बाळं वजनाला कमी असतात, स्नायू कमी असतात, पण अंगातली चरबी त्या मानानं टिकून असते. पुढं जाऊन शुगरचा धोका वाढतो तो असा. म्हणून आमचा कार्यक्रम जाड्यांसाठी आणि बारक्यांसाठी वेगळा नाही, ताट एकच.

ताटाचं काम

खरं काम इथं आहे, बाकी सगळं याच्या आजूबाजूला.

पहिली गोष्ट दुधाची. वस्तीवर घरटी दोन-तीन जनावरं, दोन वेळा दूध निघतं, आणि सगळं कॅनमध्ये ओतून डेअरीला जातं. घरात राहतं ते चहापुरतं. म्हणजे ज्या घरात दूध होतं त्याच घरातली पोरगी दूध पीत नाही. हे वडिलांना तोडून बोलू नका, त्या पैशावर घर चालतंय. आम्ही एवढंच म्हणतो की कॅन भरायच्या आधी दोन पेले बाजूला काढा, दोघा पोरांचं मिळून अर्धा लिटर पण होत नाही. आधी काढायचे हे महत्त्वाचं, नंतर राहिलं तर देऊ म्हटलं की काहीच राहत नाही.

दुसरी गोष्ट पंगतीच्या क्रमाची. आधी पुरुष, मग पोरं, मग पोरी, मग सून. यावर भाषण दिलं तर आज्ज्या चिडतात, आणि बरोबर आहे, त्यांचं अख्खं आयुष्य तसं गेलंय. आम्ही नियम दिला आठवड्यातून चार रात्री सगळ्यांनी एकदम बसायचं, भाकरी आधी करून टोपल्यात ठेवायच्या. गरम भाकरीचा हट्ट सुटायला वेळ लागतो, एका घरात तर तीन आठवडे नुसता त्यावरच वाद चालला होता. पण एकदम बसलं की कालवणातले वरचे दोन बटाटे आणि अंडं कुणाकडं जातंय ते सगळ्यांना दिसतं, आणि दिसलं की कुणी काही बोलायच्या आधी आजीच वाटणी बदलते.

तिसरी, लोखंडाची, म्हणजे आयर्नची. बाजरीची भाकरी, तांदुळजा, शेवग्याचा पाला, हुलग्याचं माडगं, मटकी, काळे घेवडे हे सगळं आपल्याकडं आहेच, नवीन काही आणायचं नाही. फक्त जेवताना लिंबू पिळायचं आणि जेवणावर चहा प्यायचा नाही, तासभर तरी अंतर ठेवायचं, कारण चहानं ते लोह अंगाला लागत नाही. यातलं चहाचं सगळ्यात अवघड. नाचणी आमच्या भागात कमी पिकते पण आठवड्यातून दोनदा आंबील जमते, १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रोटीन, मूठभर शेंगदाण्यात पण जवळपास तेवढंच. शेंगदाणे घरचे असतात, म्हणून शाळेच्या डब्याबरोबर मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा हा आमचा सगळ्यात हिट झालेला बदल.

पाच रुपयाचे पुडे आणि कोल्ड्रिंक बंद करा असं म्हणू नका. एका मीटिंगला २५० मिलीची कोल्ड्रिंकची बाटली आणा, शेजारी रिकामा पेला ठेवा आणि कुणातरी पोराला त्यात पाच चमचे साखर घालायला सांगा, एवढी साखर त्यात असते. काही बोलायची गरज पडत नाही. मग ताक द्या सगळ्यांना. शाळेच्या गेटपासून ५० मीटरच्या आत जास्त तेल-मीठ-साखरेचं असलं खाणं विकायचं नाही असा नियम आहे, पण दुकानदार गावातलाच असतो, त्याच्याशी भांडून तुम्हाला तिथं राहता येणार नाही. आम्ही त्याला फुटाणे, चिक्की आणि राजगिऱ्याचे लाडू काउंटरवर पुढं ठेवायला सांगितलं. ठेवलेत. पुडे पण आहेतच.

निळी गोळी

दहा ते एकोणीस वयाला आठवड्यातून एक आयर्नची निळी गोळी मिळते, शाळेत, आणि शाळा सोडलेल्या पोरींना अंगणवाडीत. ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. वर्षातून दोनदा जंताची गोळी, ४०० मिलिग्रॅम अल्बेंडाझोल. गोळ्या मिळतात, अडचण घ्यायची आहे. कुणाला मळमळलं, कुणाला शी काळी झाली, की सगळ्या वर्गात बातमी, आणि मग पोरी गोळी दप्तरात ठेवतात. म्हणून आयांना आधीच सांगा: शी काळी होणं नॉर्मल आहे, उपाशीपोटी घ्यायची नाही, जेवून घ्यायची, चहाबरोबर नाही. शाळेतली गोळी दुपारच्या डब्यानंतर द्यायला सरांना विनंती करा.

हिमोग्लोबिन उपकेंद्रात नाहीतर प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्या. मुलींना १२ च्या खाली म्हणजे कमी, पंधराच्या पुढच्या मुलांना १३ च्या खाली. ८ च्या खाली असेल तर तुम्ही काही सल्ला देत बसू नका, सरळ दवाखान्यात घेऊन जा.

हालचाल

शेतात काम करतात की मग व्यायाम कशाला, हे तुम्हाला पहिल्याच मीटिंगला कुणीतरी म्हणणार. काम करतात ती पोरं थोडी, बाकीची एसटीनं जातात, क्लासला गाडीवर जातात आणि संध्याकाळी कट्ट्यावर फोन घेऊन बसतात. या वयाला रोज साठ मिनिटं दम लागेल अशी हालचाल पाहिजे. सरकारी योजनेतून शाळेला जायला सायकल मिळालेल्या पोरींचं निम्मं काम तिथंच होतं, सायकल पंक्चर होऊन गोठ्यात पडलेली असते ती दुरुस्त करून देणं हे पण या कार्यक्रमाचंच काम समजा.

पोरांना ग्राऊंड मिळतं, पोरींना नाही. आमच्याकडं पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं-पोरी पहाटे रोडला पळतात, पोरांचं १६०० मीटर, पोरींचं ८००. त्यातल्या दोन ताईंना आम्ही विनंती केली की आठवी-नववीच्या पोरींना बरोबर घ्या. आया पहिल्यांदा नको म्हणाल्या, अंधारात कुठं पाठवायचं. मग दोन आयाच बरोबर चालायला लागल्या. पोरी पळतात आणि आया मागून चालतात असं ते झालं, आणि आयांना तो तासभर कुणी हाक मारत नाही म्हणून त्यांनाच जास्त आवडला. भरतीवाल्या पोरांच्यात पावडरी आणि इंजेक्शनं फिरतात तेवढं लक्ष ठेवा, लहान पोरं बघून शिकतात.

झोप, फोन, तंबाखू

झोप आठ ते दहा तास पाहिजे. फोनचा नियम एकच चालतो: रात्री नऊनंतर घरातले सगळे फोन एका जागी, वडिलांचा पण. फक्त पोरांचा काढून घेतला तर दोन दिवसात कार्यक्रम बंद पडतो. रात्रपाळीची लाइट असेल तर मोटार चालू करायला वडिलांना फोन लागतो, तेवढी सूट द्या.

तंबाखूचं नाजूक आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे तरी मिळतो हे सगळ्यांना माहितीय. पण घरात आजी मिसरी लावते आणि आजोबा चंची काढतात तिथं पोराला काय सांगणार. आम्ही आजीला सोड म्हणत नाही, एवढंच म्हणतो की नातवाला दुकानातून आणायला पाठवू नका. ज्याला सोडायचीच आहे त्याला १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडायला मदत करणाऱ्या सरकारी क्विटलाइनचा नंबर द्या. आणि पोरगं गप्प गप्प राहतंय, झोपत नाही असं दिसलं तर १४४१६, टेलिमानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन. हे दोन नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

वडिलांना कुठं गाठायचं

मीटिंगला वडील येत नाहीत. बोलावून, निरोप पाठवून, शाळेचं पत्र देऊन सगळं झालं, येत नाहीत म्हणजे नाहीत. शेवटी आम्ही डेअरीवर गेलो. संध्याकाळी दूध घालायला सगळे कॅन घेऊन लाइनीत उभे असतात, वीस मिनिटं कुठं जाऊ शकत नाहीत. तिथं उभ्या उभ्या बोलायचं, एका वेळी एकच विषय, पाच मिनिटं. एकदा मी विचारलं, आप्पा, म्हशीची फॅट किती लागली, तर पावती न बघता पॉइंटसकट सांगितली. मग पोरीचं हिमोग्लोबिन विचारलं. लाइनीतले सगळे हसले, आप्पा पण हसले, पण दुसऱ्या दिवशी पोरीला घेऊन उपकेंद्रात आले होते. प्रत्येक वेळी असं होत नाही, त्या लाइनीतल्या बाकीच्या सात-आठ जणांपैकी कुणी आलं नाही.

शेवटचा आठवडा

शेवटची मीटिंग भोगीला ठेवा, संक्रांतीच्या आदल्या दिवशी. त्या दिवशी घराघरात घेवडा, वांगी, गाजर, पावटा, सोलाणे घालून भाजी होतेच, तीळ लावलेली बाजरीची भाकरी होते, वर लोणी. वेगळा मेनू ठरवायला नको, पाहुणे बोलावून हार-तुरे पण नकोत. प्रत्येक घरानं आपली भाजी आणायची, एकदम बसायचं, वाढायला त्या दिवशी बापमाणसं. जेवायच्या आधी पडद्यामागं काटा लावून घ्या, जेवण झाल्यावर वजन करायला कुणी उठत नाही.

त्याच दिवशी पुढच्या वर्षासाठी दोन घरं शोधून ठेवा, जिथली आई नाहीतर आजी न सांगता बोलायला लागलीय. पुढच्या बॅचच्या पहिल्या घरभेटीला तुमच्याबरोबर त्यांना न्या. आमच्याबरोबर आता त्या मिठाच्या पुडीवाल्या काकू येतात. चहा घेतात आणि पहिला प्रश्न त्याच विचारतात, "म्हशीचं मीठ येगळं हाय का गं तुमच्यात?"